वाचकांचे प्रश्न: रिकामं आकाश मोजून आणणाऱ्याला पैसे द्यायचे का?

मागच्या अंकात एक कल्पना मांडली होती आणि त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांनी तो अंक बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक काल्पनिक योजना आहे, तिच्याकडे स्वतःचं एकही जहाज नाही, ती खासगी पायलटना कॉन्ट्रॅक्टवर घेते. जहाज ज्याचं त्याचं, स्वतःचं नाहीतर भाड्याचं, आणि काम एकच, नकाशात जिथे काही नोंदच नाही तिथे जायचं, मोजमाप करायचं आणि परत यायचं. विज्ञानाला आपण एकच सूट दिली होती की जहाजाला काही प्रकाशवर्षांची झेप काही दिवसांत घेता येते (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). बाकी सगळं आहे तसंच, म्हणजे रेडिओ सिग्नल प्रकाशाच्याच वेगाने जाणार, इंधन संपणार, माणूस थकणार. या एका सुटीतून काय काय निघतं ते तुमच्या प्रश्नांतूनच बघू.

ताई, आता एवढे मोठमोठे टेलिस्कोप झालेत, सगळं इथूनच दिसतंय की. मग नकाशात नसलेलं अंतराळ उरलंय कुठे? (इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी)

उरलंय, आणि कुठेतरी लांब नाही, अगदी शेजारी उरलंय. सूर्यापासून साडेसहा प्रकाशवर्षांवर लुहमन १६ नावाची जोडी आहे, दोन ब्राऊन ड्वार्फ, म्हणजे तारा व्हायला वस्तुमान कमी पडलं असे गोळे, एकमेकांभोवती फिरतायत. अंतर बघितलं तर अल्फा सेंटॉरी आणि बर्नार्डचा तारा यांच्यानंतर आपल्याला सगळ्यात जवळचं ठिकाण तेच. ते सापडलं कधी, तर २०१३ मध्ये! म्हणजे तोपर्यंत माणूस चंद्रावर जाऊन आला होता, व्हॉयेजर यान सूर्यातून सुटणाऱ्या कणांच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर पडलं होतं, आणि आपला तिसरा शेजारी आपल्याला माहीतच नव्हता. पुढच्याच वर्षी त्याच शास्त्रज्ञाने, केविन लुहमनने, वाइज उपग्रहाच्या डेटातून अजून एक शोधला, ७.४ प्रकाशवर्षांवर, आणि तो एवढा थंड की त्याचं तापमान पाणी गोठतं त्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. असल्या गोष्टी साध्या प्रकाशात जवळपास दिसतच नाहीत, उष्णतेच्या किरणांत शोधाव्या लागतात, आणि ज्यांना तारा नाही, जे एकटेच भटकतायत असे ग्रह तर अजूनच अवघड.

आता मोठ्या नकाशाचं बघ. युरोपच्या गाया दुर्बिणीने २०१४ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ताऱ्यांच्या जागा मोजल्या, २०२२ च्या यादीत जवळपास १८० कोटी तारे आहेत, आणि हे काम इतकं अफाट आहे की त्याबद्दल किती बोलावं तेवढं कमीच. पण आपल्या आकाशगंगेत कमीत कमी १०,००० कोटी तारे धरतात, म्हणजे यादी झाली ती दोन टक्क्यांच्याही आत. आणि त्या यादीतला तारा म्हणजे आपल्यासाठी एक ठिपका, त्याची जागा माहिती, उजेड माहिती, रंग माहिती, पण त्याच्याभोवती काय फिरतंय ते बहुतेकांचं काहीच माहिती नाही. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह आत्तापर्यंत साधारण ६,००० पक्के झालेत, बस. तेव्हा पायलटला काम पुरेल का ही काळजी करू नकोस.

पैसे नेमके कशाचे देणार? ग्रह सापडला तर इतके, नाही सापडला तर शून्य, असं असेल तर कोण जाईल? (हिशोबतपासनीस म्हणून रिटायर झालेले एक वाचक)

काका, सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, त्यामुळे याला जरा वेळ देते.

पैसे देण्याची पद्धत ठरली की नकाशा कसा होणार ते तिथेच ठरतं, माझं पक्कं मत आहे हे. समजा फक्त शोधाचेच पैसे दिले. मग प्रत्येक पायलट तिकडेच जाणार जिथे काहीतरी सापडायची शक्यता जास्त, म्हणजे जिथली आधीच थोडी माहिती आहे तिथे, आणि जी जागा खरंच कोरी आहे ती कोरीच राहणार. दुसरं म्हणजे रिकाम्या हाताने परत येणं परवडणार नाही, मग इंधन संपत आलं तरी माणूस अजून एक झेप घेऊन बघतो. आणि तिसरं, जे सगळ्यात वाईट, डोळ्यांना धूसर काहीतरी दिसलं की ते 'सापडलं' म्हणून लिहायचा मोह होतो.

हे मी मनाने सांगत नाहीये, पृथ्वीवर झालंय. रॉबर्ट पिअरी उत्तर ध्रुवाच्या मोहिमांसाठी श्रीमंत लोकांकडून पैसे उभे करायचा. १९०६ च्या मोहिमेवरून आल्यावर त्याने लिहिलं की लांब बर्फापलीकडे जमीन दिसली, आणि तिला नाव दिलं क्रॉकर लँड, जॉर्ज क्रॉकर या पैसे देणाऱ्याच्या नावावरून. त्या दिवसांतल्या त्याच्या डायरीत मात्र जमीन दिसत नाही असंच लिहिलेलं निघालं. १९१३ मध्ये ती जमीन शोधायला वेगळी मोहीम निघाली, माणसं गोठलेल्या समुद्रावर कितीतरी आत गेली, आणि तिथे काय होतं, तर मृगजळ. एका ओळीमुळे दुसऱ्यांचे जीव धोक्यात गेले, वर्षं गेली, पैसा गेला.

याच्या बरोबर उलटं उदाहरण ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकचं. १७७२ ते १७७५ ची त्याची दुसरी सफर, दक्षिणेला एक मोठा सुपीक खंड आहे अशी शतकानुशतकांची समजूत होती, तो शोधायला पाठवलेली. जानेवारी १७७३ मध्ये त्याने दक्षिण ध्रुववृत्त ओलांडलं, पुढे आणखी दोनदा दक्षिणेत घुसला, आणि येऊन सांगितलं की तसा खंड नाहीये, असलंच काही तर बर्फाच्या पलीकडे ध्रुवाजवळ असेल. 'नाहीये' हाच त्या सफरीचा सगळ्यात मोठा निष्कर्ष होता, आणि नकाशावरचा केवढातरी खोटा भाग त्याने पुसला. हे त्याला का जमलं, तर कुक नौदलाचा अधिकारी होता, त्याला पगार होता, खंड सापडण्यावर त्याचं पोट नव्हतं. यात त्याचा प्रामाणिकपणा होताच, पण पगाराने त्या प्रामाणिकपणाला आधार दिला असं मला वाटतं.

बक्षिसाची पद्धत पूर्ण वाईट आहे असं नाही. २००४ मध्ये खासगी यान अंतराळाच्या सीमेपर्यंत दोनदा नेणाऱ्याला १ कोटी डॉलरचं अन्सारी बक्षीस होतं, ते स्पेसशिपवनने जिंकलं आणि त्यातून खूप काही सुरू झालं. पण त्यात जिंकणाऱ्यांचा खर्च बक्षिसाच्या वर गेला होता, म्हणजे मागे पैसेवाला होता म्हणून जमलं. चंद्रावर खासगी गाडी उतरवायचं ३ कोटी डॉलरचं गूगलचं बक्षीस २००७ ला जाहीर झालं आणि २०१८ ला कोणीही न जिंकता बंद झालं. नासाने २००६ मध्ये स्पेस स्टेशनला सामान पोचवायला खासगी कंपन्या घेतल्या तेव्हा वेगळं केलं, कामाचे टप्पे पाडले आणि टप्पा पूर्ण झाला की त्याचे पैसे, त्यामुळे कंपन्यांना मधल्या काळात श्वास घेता आला.

म्हणून माझ्या मते आपल्या योजनेत मुख्य दर असावा मोजलेल्या जागेचा. बोअरवेलवाला जसा फुटावर पैसे घेतो, पाणी लागो न लागो, तसं किती घन प्रकाशवर्षं, किती बारकाईने आणि कोणत्या उपकरणाने तपासली यावर रक्कम, आणि 'काही नाही' असा रिपोर्ट असला तरी पूर्ण रक्कम. काही भाग निघतानाच ॲडव्हान्स, म्हणजे इंधनासाठी कर्ज काढायला नको. शोधाचा बोनस ठेवा, पण छोटा, एवढा छोटा की त्याच्यासाठी कोणी जिवावर उदार होणार नाही. आणि मधूनच परत फिरावं लागलं तर तिथपर्यंतच्या कामाचे पैसे विनातक्रार.

मग तर मजाच की, घरी बसायचं, 'काही नाही' लिहून द्यायचं आणि पैसे घ्यायचे. हे कसं पकडणार? (नाव न छापण्याच्या अटीवर)

वरचं उत्तर वाचून हा प्रश्न यायलाच हवा होता, आणि याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं.

पहिला पुरावा म्हणजे ताऱ्यांची जागा. तुम्ही जागा बदलली की जवळचे तारे लांबच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेले दिसतात. एप्रिल २०२० मध्ये न्यू होरायझन्स यानाने पृथ्वीपासून जवळपास ७०० कोटी किलोमीटरवरून प्रॉक्सिमा सेंटॉरी आणि वुल्फ ३५९ या जवळच्या ताऱ्यांचे फोटो काढले, ते पृथ्वीवरच्या फोटोंशेजारी ठेवले तर तारे सरकलेले साध्या डोळ्यांना दिसतात. एवढ्याशा अंतराला ही तऱ्हा, तर आपला पायलट सहा-सात प्रकाशवर्षं लांब गेला की आख्खं आकाशच वेगळं. पण लबाड माणूस म्हणेल, हे तर कॉम्प्युटरवर बसूनही काढता येतं. बरोबर, येतं.

म्हणून दुसरा पुरावा, आणि तो खोटा करताच येत नाही. आपलं जहाज प्रकाशाच्या आधी पोचतंय ना, मग पायलटला तिथे अशा गोष्टी दिसणार ज्यांचा प्रकाश पृथ्वीवर अजून आलेलाच नाही. प्रॉक्सिमाचं उदाहरण घ्या, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, लहान लाल तारा, त्याच्यावर वारंवार भडके उडतात, कधी उडणार आणि किती मोठा ते कोणीच आधी सांगू शकत नाही. पायलट तिथे जवळ बसून दहा दिवसांतल्या सगळ्या भडक्यांची वेळ आणि तीव्रता टिपतो, तो डेटा सीलबंद जमा होतो, आणि सव्वाचार वर्षांनी तेच भडके, त्याच क्रमाने, तेवढ्याच अंतराने पृथ्वीवरच्या दुर्बिणींना दिसतात! जुळले तर माणूस तिथे होता, यात वादच नाही. रिकाम्या जागेतही हे चालतं, समोरच्या दिशेच्या कुठल्याही लहरी ताऱ्याकडे कॅमेरा लावायचा, दहा प्रकाशवर्षं पुढे गेलात तर पृथ्वीला जे दिसेल ते साधारण दहा वर्षं आधीच बघताय. तेव्हा प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमध्ये असे काही तारे नोंदवायची सक्ती हवी, आणि रकमेचा एक लहान हिस्सा तो प्रकाश येईपर्यंत राखून ठेवायचा, पायलट नसला तर त्याच्या वारसाला द्यायचा.

लबाडीपेक्षा मला खरी भीती चुकीची वाटते, प्रामाणिक माणसाकडून होणारी. बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह आहे असं पीटर व्हॅन डी कॅम्पने १९६३ मध्ये जाहीर केलं, वर्षानुवर्षं काचेच्या प्लेटा मोजून, अगदी मनापासून. १९७३ मध्ये दुसऱ्यांनी तपासलं तर ग्रह नाही, आणि तारा हलल्यासारखा दिसत होता तो दुर्बिणीच्या भिंगाची देखभाल-दुरुस्ती झाली त्या वेळांशी जुळत होता. त्या ताऱ्याभोवती खरे ग्रह सापडले ते थेट २०२४-२५ मध्ये, आणि ते त्याने सांगितलेले नव्हेतच. म्हणून निघायच्या आधी आणि आल्यावर उपकरणाची तपासणी, आणि काही ठिकाणी दुसऱ्या पायलटला पहिल्याचा रिपोर्ट न दाखवता पाठवायचं. नकाशात एकदा खोटं घुसलं की निघता निघत नाही. कोरल समुद्रात सँडी आयलंड नावाचं बेट नकाशांवर होतं, एकोणिसाव्या शतकापासून, अगदी गूगलच्या नकाशावरसुद्धा, आणि २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज त्या जागेवरून गेलं तर तिथे हजार मीटरहून खोल पाणी!

मी प्रवासी विमान चालवतो. माझ्यासारख्याला घेतील का, आणि काय नवीन शिकावं लागेल? (एक पायलट)

घेतील असं मला वाटतं, कारण तुमची चेकलिस्टची सवय आणि 'आज नाही उतरायचं, परत फिरायचं' म्हणायची सवय, या दोन गोष्टी शिकवायला वर्षं लागतात. नवीन म्हणजे मुख्यतः रस्ता. तिथे जीपीएस नाही, टॉवर नाही. पण पल्सार आहेत, स्वतःभोवती गरगर फिरणारे मेलेले तारे, त्यातले काही सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि त्यांचे ठोके अणुघड्याळाच्या तोडीचे पक्के असतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्पेस स्टेशनवरच्या नायसर दुर्बिणीने असे काही पल्सार ऐकून स्वतःची जागा साधारण १६ किलोमीटरच्या आत काढून दाखवली, माणसाच्या मदतीशिवाय. पृथ्वीभोवती फिरत असताना केलेला प्रयोग आहे हा, पण तत्त्व तेच.

झेपेनंतरचे पहिले काही तास कसे असतील ते डोळ्यासमोर आणा. बाहेर बघायचा मोह आवरायचा, आधी लॉगमध्ये इंधनाचा आकडा, दुसरी कुठलीही ओळ त्याच्याआधी नाही. मग इंजिन बंद, पंप बंद करता येतील तेवढे बंद, कारण जहाजाची थरथर आणि उष्णता दोन्ही कॅमेऱ्यात येतात. कॅमेऱ्याचं झाकण लावूनच काही फोटो घ्यायचे, पूर्ण काळे, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे डाग कळतात आणि नंतर ते वजा करता येतात. मग पल्सारकडे तोंड करून थांबायचं, एक्स-रेचे कण फार थोडे येतात, त्यामुळे तासन्‌तास मोजावे लागतात तेव्हा कुठे जागा पक्की होते. ती आणि इंधन जुळवून परतीची झेप आधी मांडून ठेवायची, आणि मगच सर्वेक्षण सुरू. ज्याला या शांत तासांचा कंटाळा येतो त्याने हे काम घेऊ नये, मनापासून सांगते.

तब्येतीचं: क्युरिऑसिटी रोव्हरने मंगळाकडे जाताना किरणोत्सार मोजला, त्यावरून जाऊन-येऊनच्या प्रवासात साधारण ६६० मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं माप) होतात, आणि नासाची अंतराळवीरासाठी आयुष्यभराची मर्यादा ६०० आहे. वजनरहित अवस्थेत हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्याने कमी होते. म्हणजे हे काम जन्मभराचं नाही, थोड्याच सफरींचं आहे, आणि पायलटच्या मोबदल्यात पुढच्या आयुष्याचा विचार धरलेला पाहिजे.

ग्रह सापडला तर तो ज्याला सापडला त्याचा का? निदान नाव तरी देता येईल का?

नाही त्याचा. १९६७ चा बाह्य अंतराळ करार स्पष्ट म्हणतो की कुठल्याही देशाला आकाशातल्या गोलांवर मालकी सांगता येत नाही, आणि देशालाच नाही तर त्या देशाच्या परवान्यावर गेलेल्या माणसाला कुठून येणार. त्याच करारात आणखी एक गोष्ट आहे जी खासगी पायलटांच्या बाबतीत फार कामाची, सहावं कलम: खासगी लोकांनी अंतराळात काहीही केलं तरी त्याची जबाबदारी त्यांच्या देशावर, त्यांना परवानगी देणं आणि सतत लक्ष ठेवणं हे देशाचं काम. तेव्हा 'खासगी' म्हणजे मोकाट नाही. खनिजं काढून आणली तर ती कोणाची यावर मात्र देशादेशांत एकमत नाही, अमेरिकेने २०१५ मध्ये आपल्या नागरिकांना तो हक्क देणारा कायदा केला, लक्झेंबर्गने २०१७ मध्ये. आपल्या योजनेत मी ते ठेवणारच नाही, मोजायला गेलेल्या माणसाने उकरायला सुरुवात केली की मोजणं राहून जातं.

नाव सुचवता येईल, अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोल संघ ठरवतो. पैसे देणाऱ्याचं नाव मात्र नको, क्रॉकर लँड आठवा.

ताई, माझा मुलगा असल्या कामाला एका पायावर तयार होईल. गोष्टीतलं असलं तरी विचारते, तो तिकडे अडकला तर आम्हाला कळणार कसं? (एक आई)

ताई, कळणार नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. सात प्रकाशवर्षांवरून त्याने मदतीची हाक रेडिओवर मारली तर ती सात वर्षांनी पोचेल. व्हॉयेजर १ आज माणसाने बनवलेली सगळ्यात लांबची वस्तू आहे, तिचा सिग्नल यायला एक दिवसाच्या आसपास लागतो आणि तेवढ्यावरच एखादा बिघाड दुरुस्त करायला इंजिनिअर लोकांना महिनोन्‌महिने लागलेत. इथे तर बोलणंच नाही.

म्हणून या योजनेत मी एका गोष्टीवर अजिबात तडजोड करणार नाही, एकटं कोणी जायचं नाही. दोन जहाजं, एकमेकांच्या रेडिओच्या टप्प्यात, दोन्हींकडे दोघांचाही डेटा, आणि एकात बिघाड झाला तर दुसरं सगळी माणसं घेऊन परत येऊ शकेल एवढी जागा आणि इंधन. निघताना परतीची तारीख घरच्यांच्या हातात लिहून, आणि ती तारीख उलटली की ठरलेल्या दिवशी शोधपथक निघणार, कोणाच्या परवानगीची वाट न बघता, त्याचे पैसे योजनेने आधीच बाजूला काढलेले. अंतराळवीराला संकटात मदत करणं हे १९६८ च्या करारानुसार देशांचं कर्तव्य आहे, पण कर्तव्य कागदावर असतं आणि जहाज तयार उभं असावं लागतं. आणि घरच्यांशी बोलायला योजनेचा एक माणूस ठरलेला हवा, ज्याला नाव आहे, फोन आहे, जो काही कळलेलं नसतानाही ठरल्या वेळी फोन करून 'अजून काही कळलेलं नाही' एवढं तरी सांगतो. वाट बघणाऱ्यांना तेवढं तरी मिळालंच पाहिजे.

मावशी, रोबोटच का नाही पाठवत? त्याला भीती पण नाही वाटत. (इयत्ता सातवी)

खूप चांगलं विचारलंस. बरंचसं काम रोबोटच करेल, फोटो काढणं, मोजणं, जागा काढणं, आणि माणसापेक्षा चांगलं करेल. आजवर नेपच्यूनपर्यंत, प्लुटोपर्यंत गेलीत ती सगळी यानंच, माणूस चंद्राच्या परिसरापलीकडे गेलेला नाही. पण कधीकधी काहीतरी असं समोर येतं जे यादीतच नसतं. १९७२ मध्ये अपोलो १७ मधून हॅरिसन श्मिट चंद्रावर गेला होता, तो भूगर्भशास्त्रज्ञ, चालता चालता त्याला बुटाखाली नारिंगी माती दिसली, करड्या चंद्रावर नारिंगी! तो तिथेच थांबला, खणलं, नमुने घेतले, आणि ते निघाले फार जुन्या ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले काचेचे बारीक मणी. मंगळावरच्या रोव्हरला काही विचित्र दिसलं तर तो पृथ्वीला विचारतो, काही मिनिटांत सिग्नल पोचतो. आपल्या पायलटला विचारायला कोणीच नाही, तिथल्या तिथे ठरवावं लागतं. मला वाटतं म्हणून माणूस हवा. आणि भीती वाटते ते चांगलंच आहे रे, भीती वाटते म्हणून तो वेळेत परत फिरतो.

तिथे जीवसृष्टी सापडली तर पायलटने काय करायचं?

उतरायचं नाही. लांबून जेवढं मोजता येतं तेवढं मोजायचं आणि निघायचं. आपल्या बुटांवर, यानावर, श्वासात जंतू असतात आणि एकदा ते तिथे गेले की तिथलं काय आणि आपलं काय हे कधीच सांगता येणार नाही. याच कारणासाठी २००३ मध्ये गॅलिलिओ यान गुरूमध्ये आणि २०१७ मध्ये कॅसिनी शनीमध्ये मुद्दाम जाळून संपवलं, नाहीतर कधीतरी ते गुरूचा चंद्र युरोपा किंवा शनीचा चंद्र एन्सेलाडस यांच्यावर आपटू शकलं असतं, आणि तिथे बर्फाखाली समुद्र आहेत. अजून चालू असलेलं यान नष्ट करायला मन घट्ट करावं लागलं असणार त्या लोकांना. खासगी पायलटला उतरायची परवानगीच नको, आणि न उतरल्याबद्दल एक पैसाही कमी होणार नाही असं कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं हवं.

ती झेपेची सूट काढून टाकली तर?

तर योजना उरत नाही. व्हॉयेजर १ सेकंदाला १७ किलोमीटर जातं, त्या वेगाने प्रॉक्सिमाएवढं अंतर कापायला साधारण ७५,००० वर्षं. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने जायचं म्हटलं तर ४२ वर्षं लागतील, पण हजार टनाच्या जहाजाला तेवढा वेग द्यायला अख्खं जग वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरतं तिच्या निम्म्याहून जास्त लागते, थांबायला परत तेवढीच. शिवाय त्या वेगात एक मिलिग्रॅमचा धुळीचा कण जरी आपटला तरी साधारण शंभर किलो टीएनटीचा स्फोट. म्हणून सूट दिली.

डेटा कोणाचा? पैसे योजनेचे, जहाज पायलटचं, मग बाकीच्यांना बघायला मिळणार का? (खगोलशास्त्राची एक विद्यार्थिनी)

मिळालाच पाहिजे. लुहमन १६ सापडलं ते वाइजच्या डेटातून, तो डेटा सगळ्यांसाठी खुला होता, उपग्रहाने अख्ख्या आकाशाचे फोटो काढले होते आणि एका माणसाने तेच फोटो वेगळ्या नजरेने पाहिले. गायाची यादीही कोणीही उघडू शकतं. पायलटला आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्यांना पहिले सहा महिने द्यावेत, त्यांनी जीव धोक्यात घातलाय, पहिला लेख त्यांचा असू दे. त्यानंतर सगळं खुलं, कच्चं खुलं, म्हणजे नीटनेटके फोटो तर द्यायचेच पण झाकण लावून काढलेले काळे फोटो, उपकरण तपासणीचे आकडे, इंधनाचा लॉग, सगळं. आणि 'काही नाही' वाले रिपोर्ट वेगळ्या कपाटात टाकायचे नाहीत, त्याच यादीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, पायलटच्या नावासकट, म्हणजे तुझ्यासारखी कोणी वीस वर्षांनी त्या जागेकडे बघेल तेव्हा तिला कळेल की इथे अमुक तारखेला अमुक उपकरणाने अमुक बारकाईपर्यंत बघितलं गेलंय, त्याहून बारीक काही असेल तर ते अजून शोधायचं आहे.